साखळी आणि जहाजाचे दोर : भारवहनाच्या दोन रीती

गॅलिलिओचा दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथ १६३८ साली लायडेन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील संवादाला व्हेनिसच्या जहाजगोदीच्या उल्लेखाने आरंभ होतो, हे सुप्रसिद्धच आहे. त्याच ग्रंथात एकमेकांपासून दूर अंतरावर दोन प्रश्न उपस्थित झाले आहेत, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. पहिला प्रश्न दोराचा. ज्या तंतूंची लांबी दोन-तीन हातांहून अधिक नाही, अशा तंतूंपासून शंभर हात लांबीचा दोर कसा बनतो, आणि तो ओढला असता तंतू एकमेकांतून निसटून का येत नाहीत? दुसरा प्रश्न साखळीचा. दोन खिळ्यांना टांगलेली साखळी कोणता वक्र धारण करते? पहिल्या प्रश्नाला गॅलिलिओने दिलेले उत्तर आजही मूलतः ग्राह्य आहे. दुसऱ्या प्रश्नात, ही साखळी अन्वस्ताच्या जवळपास जाते, एवढेच त्याला सांगता आले. साखळी व दोर यांच्या भारवहनातील फरक समजून घ्यावयाचा तर या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

दोन्ही साधनांचा सामान्य धर्म एकच आहे. ती केवळ ताण सहन करतात. दाबाखाली ती ढिली पडतात आणि बाकाला त्यांचा विरोध नगण्य असतो. यापुढे मात्र साम्य संपते. साखळीत कड्या एकीपुढे एक अशा क्रमाने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक कडीला संपूर्ण भार पेलावा लागतो. दोरात तंतू एकमेकांच्या शेजारी असतात आणि भार त्यांच्यात वाटला जातो. म्हणूनच साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत, ही म्हण रूढ झाली. आणि दोराविषयी तशी म्हण कोणत्याही भाषेत आढळत नसावी. सर्वसामान्य विवेचन येथेच थांबते. वस्तुतः ही तुलना अपुरी आहे, इतकेच नव्हे तर एका महत्त्वाच्या मुद्द्यावर ती दिशाभूल करणारी आहे.

प्रथम एका कडीचा विचार करू. वरवर पाहता कडीच्या दोन बाजू अर्धा-अर्धा भार वाहतात व ताण सर्वत्र सारखा असतो. प्रत्यक्षात कडी ही एक बंद कमान आहे. शेजारची कडी तिच्या वाकलेल्या टोकावर जवळजवळ बिंदुमात्र क्षेत्रातून दाब देते. त्यामुळे लांबट कडी आणखी लांबट होऊ पाहते आणि तिच्या दोन बाजू आत ओढल्या जातात. या बाकामुळे वाकलेल्या भागाच्या बाहेरील पृष्ठावर सरासरीच्या कित्येक पट ताण निर्माण होतो. टॉमस ब्रंटनने १८१३ साली कडीच्या मध्यभागी आडवी खुंटी बसविण्याचे एकस्व घेतले. त्या खुंटीमुळे बाजू आत येण्यास प्रतिबंध झाला व साखळीला गाठी पडण्याचाही त्रास कमी झाला. नांगराच्या साखळदंडांत ही खुंटी आजही दिसते. तात्पर्य, साखळी ताण वाहते असे म्हटले तरी धातूच्या पातळीवर ती ताण आणि बाक यांचे मिश्रण वाहते.

आता कच्च्या कडीच्या म्हणीला संख्यारूप देऊ. सोईसाठी असे माना की, कड्यांचे बळ ८० ते १२० एककांच्या दरम्यान समप्रमाणात विखुरलेले असून सरासरी १०० आहे. अशा शंभर कड्यांच्या साखळीचे अपेक्षित बळ ८०.४ येते. बळांचा विस्तार ४० ते १६० असा अधिक असेल, तर सरासरी तीच राहूनही साखळीचे बळ ४१.२ पर्यंत उतरते. कड्या जितक्या अधिक, तितकी अतिशय कच्ची कडी तीत असण्याची शक्यता अधिक. लांब तार आखूड तारेपेक्षा कमी भाराने तुटते ही गोष्ट लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत आलेली आहे. सुताच्या बाबतीत पीअर्सने १९२६ साली तिला गणिती रूप दिले. म्हणजे कच्च्या कडीचा नियम फक्त साखळीपुरता नाही. एकसंध दिसणाऱ्या प्रत्येक तंतूलाही तो लागू आहे, कारण तंतू हा कल्पनेने जोडलेल्या लहान लहान तुकड्यांची साखळीच होय.

याच संख्या घेऊन दोराकडे वळल्यास एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते. १०० तंतूंचे एक जुडगे कल्पावे. तंतूंना पीळ नाही, घर्षण नाही, सर्वांची लांबी व ताठपणा सारखा, आणि टोके दोन पक्क्या पट्ट्यांत धरलेली. भार सर्वांत समान वाटला जातो. तंतूंचे बळ ८० ते १२० च्या दरम्यान विखुरलेले असेल, तर प्रत्येक तंतूवर ८० एकक भार येताच कच्चे तंतू तुटू लागतात. त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, त्यामुळे आणखी तंतू तुटतात आणि ही मालिका थांबत नाही. जुडग्याचे बळ दरतंतू ८० च ठरते. साखळीपेक्षा ते तसूभरही अधिक नाही! विस्तार ४० ते १६० असेल तेव्हा परिस्थिती थोडी सुधारते. दरतंतू भार ८० होईपर्यंत एक-तृतीयांश तंतू तुटलेले असतात व उरलेले दोन-तृतीयांश सर्वाधिक भार पेलतात; मूळ तंतुसंख्येवर ते दरतंतू ५३.३ पडते. साखळीच्या ४१.२ पेक्षा हे बरे, पण सरासरीच्या निम्म्याहून किंचितच अधिक. डॅनियल्सने १९४५ साली अशा जुडग्यांचा सिद्धांत पूर्णत्वास नेला. त्यावरून हे स्पष्ट होते की, भार वाटून घेणे एवढ्यानेच दोराचे सामर्थ्य सिद्ध होत नाही. शेजारी उभे राहणे म्हणजे साहाय्य करणे नव्हे.

मग दोर विश्वसनीय का ठरतो? येथे गॅलिलिओच्या पहिल्या उत्तराकडे परत यावे लागते. त्याने दाखविले की, पिळामुळे तंतू एकमेकांवर आवळले जातात आणि दोर जितका अधिक ओढावा तितकी ही आवळण अधिक घट्ट होते. दंडगोलाभोवती नागमोडी खाचेतून फिरविलेल्या दोरीच्या साहाय्याने उंचावरून सुरक्षित उतरता येते, असे एक साधनही त्याने वर्णिले आहे. या घटनेचा नियम पुढे आयलरने मांडला. खुंटाभोवती दोर गुंडाळला असता दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर वेढ्याच्या कोनाबरोबर घातांकी प्रमाणात वाढते. घर्षणगुणांक ०.२५ धरल्यास एका वेढ्याने ४.८ पट, दोन वेढ्यांनी २३ पट आणि तीन वेढ्यांनी १११ पट ओढ एका हाताने रोखून धरता येते. धक्क्यावरचा खलाशी जहाजाचा दोर खुंटाला वेढे घालून धरतो, तेव्हा तो याच नियमाचा उपयोग करीत असतो. दोराच्या पोटात हाच व्यवहार सूक्ष्म प्रमाणावर चालतो, कारण तेथील प्रत्येक तंतू इतर तंतूंभोवती वेढे घेत गेलेला असतो.

याचा परिणाम असा होतो की, एखादा तंतू एका जागी तुटला तरी तो कायमचा निकामी होत नाही. तुटीपासून थोड्याच अंतरावर घर्षणामुळे तो पुन्हा भार घेऊ लागतो. बिनपिळाच्या जुडग्यात एका ठिकाणची तूट संपूर्ण लांबीभर त्या तंतूला बाद करते. पिळलेल्या दोरात ती केवळ एका आखूड टप्प्यापुरती बाद करते. दहा तंतू दहा निरनिराळ्या ठिकाणी तुटले, तर जुडग्यातील दहा तंतू जातात. दोरातील कोणत्याही एका छेदात मात्र बहुधा एकच तंतू कमी झालेला असतो. म्हणून दोराचे यथार्थ वर्णन जुडग्यांची साखळी असे करावे लागते. तोही अखेर साखळीच आहे, परंतु त्याची प्रत्येक कडी शेकडो तंतूंची बनलेली असल्याने कड्या-कड्यांतील फरक फार थोडा उरतो. कच्च्या कडीचा नियम येथे रद्द होत नाही. फक्त सर्वांत कच्ची कडी सरासरी कडीहून फारशी वेगळी राहत नाही. दोराची भिस्त त्याच्या रचनेवर आहे, ती अशी.

साखळीची भिस्त कशावर? याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर परीक्षेवर. ४० ते १६० असा विस्तार असलेल्या कड्यांची साखळी घेऊन तिला ८० एककांचा ताण द्यावा, तुटतील त्या कड्या बदलाव्या, आणि पुन्हा ताण द्यावा. या क्रियेत एक-तृतीयांश कड्या गळून जातात. जी साखळी उरते तिचे बळ ४१ नसून ८० च्या वर असते. दोराच्या बाबतीत अशी निवड शक्य नाही. त्याचा नमुना तोडून पाहता येतो, पण उरलेल्या दोरातील कच्चे तंतू वेचून काढता येत नाहीत. उलट अतिभाराने काही तंतू दुखावले जाऊन तो पूर्वीपेक्षा दुबळा होण्याचाच संभव असतो. ब्रिटनमध्ये १८६४ च्या कायद्याने जहाजांचे नांगर व साखळदंड यांची ताणपरीक्षा विक्रीपूर्वी सक्तीची केली गेली. साखळीच्या स्वभावाची यथार्थ जाणीव त्यामागे होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु परीक्षा ही परीक्षेच्या दिवसाविषयी बोलते. त्यानंतर कडीत वाढणारी भेग तिला दिसत नाही. या दोषाची जाणीव प्रथम जहाजांपेक्षा खाणींत तीव्रतेने झाली. जर्मनीतील हार्ट्स पर्वतातील क्लाउस्टालच्या खाणींत लोखंडी साखळ्यांनी खनिज वर काढले जाई आणि या साखळ्या नेहमीच्या भाराखाली, पूर्वसूचना न देता तुटत. तेथील खाणप्रशासक विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ च्या सुमारास साखळ्यांवर वारंवार भार चढवून-उतरवून प्रयोग केले. धातूच्या शिणवट्याच्या अभ्यासाचा हा आरंभच समजला जातो. त्यानंतर १८३४ साली त्याने घडीव लोखंडाच्या तारांचा दोर वळवून कॅरोलीन खाणीत वापरात आणला. प्रत्येकी चार तारांचे तीन पेड, आणि तारेची जाडी ३.५ मिलिमीटर, अशी त्याची साधी रचना होती. बारांपैकी एक तार तुटली तरी डोल खाली कोसळत नसे, आणि तुटलेली तार पृष्ठावर डोळ्यांना दिसे. यातील दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोलाचा होता. पोलादी दोर केव्हा बाद करावयाचा हे आजही ठरावीक लांबीतील तुटलेल्या तारा मोजून ठरविले जाते. साखळीत मोजण्याजोगे असे काही नसते. कडी एक तर शाबूत असते किंवा तुटलेली.

आल्बर्टच्या प्रश्नाला वजनाचीही एक बाजू होती. कोणत्याही लोंबत्या साधनाची गुणवत्ता मोजण्याचे एक सोपे माप म्हणजे स्वतःच्याच वजनाने तुटण्याची त्याची लांबी. १० मिलिमीटर जाडीच्या सळईपासून केलेल्या आखूड कड्यांच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे २.२ किलोग्रॅम भरते. घडीव लोखंडाच्या कड्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन सरासरी ताण घेऊन तुटतात असे धरल्यास ही लांबी सुमारे १८०० मीटर येते. सुरक्षा गुणक ६ ठेवला तर उरतात ३०० मीटर. कॅरोलीन खाणीची खोली याहून बरीच अधिक, म्हणजे सुमारे ४८० मीटर होती. खनिजाचा एक कणही न उचलता साखळी आपल्या स्वतःच्या भाराने सुरक्षिततेची मर्यादा ओलांडून बसत असे. उच्च प्रतीच्या आधुनिक मिश्रपोलादी साखळीची ही लांबी सुमारे ५.८ किलोमीटर, पोलादी तारदोराची सुमारे १६ किलोमीटर आणि साध्या मनिला दोराची ९ ते १० किलोमीटर भरते. मनिलाचा वनस्पतिजन्य दोर या कसोटीवर मिश्रपोलादाच्या साखळीला मागे टाकतो, हे अनेकांना नवल वाटेल. कारण उघड आहे. साखळीतील बरेचसे लोखंड कडीला आकार देण्यात व टोकांवर दुणावण्यात खर्च होते; ताणाच्या दिशेने ते सरळ उभे नसते.

शृंखलेतील एका घटकावर सर्वस्व सोपविण्याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, याचे उदाहरण जहाजांच्या बाहेरचे असले तरी येथे देणे उचित होईल. अमेरिकेतील ओहायो नदीवर पॉइंट प्लेझंट येथे १९२८ साली बांधलेला सिल्व्हर पूल तारदोरांऐवजी डोळेदार पोलादी पट्ट्यांच्या शृंखलेवर टांगलेला होता आणि त्या शृंखलेच्या प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या होत्या. १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी वाहनांच्या गर्दीच्या वेळी त्यांपैकी एक पट्टी डोळ्यापाशी तुटली. दुसरी खिळीवरून निसटली आणि काही क्षणांत संपूर्ण पूल नदीत कोसळला. ४६ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ भेग सुमारे अडीच मिलिमीटर खोल होती व जोड सुटा केल्यावाचून ती दिसणे अशक्य होते. दोन हे वाटून घेण्यासाठी पुरेसे नसतात, ही डॅनियल्सच्या गणिताची कठोर बाजू या प्रसंगी प्रत्ययास आली. दोन घटकांपैकी एक गेला की दुसऱ्यावर दुप्पट भार, तोही आघाताने येतो.

एवढे सर्व विरुद्ध असता जहाजाच्या नांगराला साखळदंड का लावतात, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर गॅलिलिओच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. टांगलेल्या साखळीचा वक्र अन्वस्त नाही, हे हॉयगेन्सने १६४६ साली वयाच्या सतराव्या वर्षी दाखविले. याकोब बेर्नुलीने १६९० साली जाहीर आव्हान दिल्यावर १६९१ मध्ये हॉयगेन्स, लायब्निट्स व योहान बेर्नुली या तिघांनी तो वक्र स्वतंत्रपणे काढला. त्यालाच रज्जुवक्र किंवा कॅटिनरी म्हणतात. नांगरलेल्या जहाजाखाली साखळीचा काही भाग तळावर पसरलेला असतो व उरलेला रज्जुवक्रात वर चढलेला असतो. उचललेल्या भागाची लांबी ल, पाण्याची खोली ख, जहाजाची क्षैतिज ओढ ब आणि साखळीचे पाण्यातील दरमीटर वजन व मानल्यास

ल² = ख² + २खब/व

हा संबंध मिळतो. वर घेतलेल्या १० मिलिमीटर साखळीचे पाण्यातील वजन मीटरला १८.८ न्यूटन धरावे, खोली ८ मीटर घ्यावी आणि एकूण ४० मीटर साखळी सोडलेली असावी. मंद वाऱ्याची ओढ ५०० न्यूटन असेल तर २२ मीटर साखळी उचलली जाते. उरलेले १८ मीटर तळावर निजून राहतात व नांगराला तळाशी समांतर ओढ मिळते. वारा वाढून ओढ सुमारे १८०० न्यूटन झाली की शेवटची कडी तळ सोडते. त्यापलीकडे नांगर वर उचलला जाऊ लागतो व त्याची पकड ढिली होते.

या उदाहरणातून खरी शिकवण मिळते ती जहाजाच्या सरकण्याची गणना केल्यावर. ओढ शून्यापासून ५०० न्यूटनपर्यंत वाढेतो जहाज सुमारे ६ मीटर मागे सरकते. ५०० पासून १८०० न्यूटनपर्यंत ते केवळ ०.९ मीटर सरकते. त्यानंतर साखळी अगदी सरळ होईपर्यंत, मग ओढ कितीही होवो, जेमतेम २७ सेंटिमीटर शिल्लक राहतात. धातूचे स्वतःचे लांबणे मोजले तर ते काही मिलिमीटरच भरते. अर्थात साखळीचे वजन हे एका स्प्रिंगसारखे काम करते. ही स्प्रिंग सौम्य हवेत अत्यंत मऊ असते आणि वादळात, जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हा दगडासारखी ताठ होते. लाटेने मागे फेकलेल्या जहाजाची गतिज ऊर्जा २७ सेंटिमीटरांत जिरवावयाची झाल्यास निर्माण होणारे बल कडी तरी तोडील किंवा नांगर तरी उखडील. साखळदंड जड असल्याने जहाज सुरक्षित राहते या सर्वसामान्य समजुतीला एवढी मर्यादा घालणे भाग आहे.

दोराची स्प्रिंग निराळ्या प्रकारची आहे. ती वजनात नसून तंतूंच्या स्थितिस्थापकतेत व पिळाच्या रचनेत असते, आणि म्हणून ओढ वाढली तरी ती संपून जात नाही. ३० मीटर नायलॉनचा दोर एक-दशांशाने लांबला तरी ३ मीटर मोकळीक मिळते. या गुणाची पारख कृत्रिम तंतूंच्या फार पूर्वी हिंदी महासागरातील खलाशांना होती. कोकण-मलबारच्या गलबतांवर व फत्तेमाऱ्यांवर वापरला जाणारा काथ्याचा दोर बळाने मनिलाच्या निम्म्याहूनही कमी भरतो, परंतु तुटण्यापूर्वी तो फार लांबतो, पाण्यावर तरंगतो आणि खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही. नुसत्या तोडभाराच्या तक्त्यावरून काथ्याला हलका दर्जा देणारे लेखक ऊर्जा शोषणाचा विचार सोडून देतात. उलट, लांबणाऱ्या दोराचा धोकाही तितकाच खरा आहे. तो तुटला म्हणजे साठविलेली ऊर्जा घेऊन टोक चाबकासारखे परत येते, व धक्क्यावर त्यामुळे माणसे दगावतात. साखळी प्रायः जागच्या जागी कोसळते.

नांगराचे काम एकाच रेषेतील आहे. डोलकाठीला आधार देणाऱ्या दोरांचे काम तसे नाही. तेथे साधनाची नव्हे तर संपूर्ण जाळ्याची परीक्षा असते. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना खाली येणारे दोर इंग्रजी खलाशी श्राउड म्हणून ओळखतात. त्यांचा डोलकाठीशी होणारा कोन लहान असतो. तो १२ अंश असेल तर माथ्यावरील १ एकक आडव्या वाताभारासाठी दोरात ४.८ एकक ताण निर्माण होतो आणि डोलकाठी ४.७ एकक बलाने खाली दाबली जाते. म्हणजे शिडावरील वारा डोलकाठीला आडवे पाडू पाहतो त्याहून दोरच तिला अधिक जोराने जहाजाच्या तळाकडे रेटतात. कोन १५ अंश केला तर दोराचा ताण ३.९ वर येतो, म्हणजे जवळजवळ एक-पंचमांशाने घटतो. जुन्या युद्धनौकांच्या कुशीवर बाहेर काढलेल्या रुंद फळ्या याच तीन अंशांसाठी होत्या.

एका बाजूस असे अनेक श्राउड असल्यामुळे भार त्यांच्यात कसा वाटला जाईल हा प्रश्न येतो. येथे उत्तर बळावर नव्हे, ताठपणावर अवलंबून असते. जो दोर अधिक ताठ, तो अधिक भार ओढून घेतो, मग तो त्यास समर्थ असो वा नसो. हेम्पच्या दोराशेजारी त्याच लांबीचा लोखंडी दोर लावला तर हेम्पच्या वाट्याला नाममात्र भार येतो. लोखंड तुटले म्हणजे सर्व भार एकाएकी हेम्पवर पडतो. म्हणून भिन्न द्रव्यांचे दोर एका कामासाठी शेजारी योजू नयेत, हा संकेत. एकाच द्रव्याचे दोर असले तरी त्यांची लांबी नेमकी जुळली पाहिजे. ही जुळणी करण्याचे जुने साधन म्हणजे तीन भोकांच्या दोन लाकडी चकत्या व त्यांतून ओवलेली बारीक दोरी. इंग्रजीत या चकत्यांना डेडआय असे काहीसे भयप्रद नाव आहे. ओवलेल्या दोरीच्या सहा पदरांमुळे यांत्रिक लाभ तर मिळेच, शिवाय ती आवश्यक तेवढी लवचीकही राही. भिजल्यावर हेम्प आकसतो व वाळल्यावर सैल पडतो, तेव्हा ही जुळणी वारंवार करावी लागे. विशेष म्हणजे खालच्या चकतीला जहाजाच्या कुशीशी जखडणाऱ्या लोखंडी कड्यांना खलाशी साखळ्याच म्हणत. तेथे लांबी अल्प, पाण्याचा मारा सतत आणि वजन जहाजाच्या मध्यापेक्षा फार उंच नाही. दोर जेथे कुजला असता तेथे साखळी उपयोगी पडत असे.

सर्व दोर आधीच ताणून ठेवण्याचे प्रयोजनही यातूनच स्पष्ट होते. दोन्ही बाजू आधी ताणलेल्या असतील, तर वाऱ्याच्या आडव्या भारापैकी निम्मा वाऱ्याकडील दोराचा ताण वाढवून आणि निम्मा पलीकडच्या दोराचा ताण घटवून पेलला जातो. ताण सहन करणारे साधन अशा प्रकारे, पूर्वताणाच्या मर्यादेत, जणू दाबही सहन करू लागते. पलीकडचा दोर सैल पडला की हा लाभ संपतो व डोलकाठीची हालचाल दुप्पट होते. तिरप्या शिडाच्या अरबी व हिंदी गलबतांत मात्र हा मार्ग पत्करलेला दिसत नाही. शिडाचा लांब वासा डोलकाठीपुढून फिरवावा लागत असल्याने तेथे आधाराचे दोर कप्प्यांवरून सोडता-ओढता येतील असे ठेवतात आणि ते वाऱ्याकडील बाजूस घट्ट करतात; पाळी बदलताना ते बाजू बदलतात. रचनाशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत सोपी व हिशेबी आहे. मात्र वाऱ्याने अकस्मात दिशा बदलल्यास दुसऱ्या बाजूला काहीच आधार नसतो, ही तिची किंमत.

साखळी व दोर यांची प्रत्यक्ष स्पर्धा एकाच जहाजावर लावण्याचे श्रेय ब्रिटिश नौदलातील सॅम्युअल ब्राउन या अधिकाऱ्याकडे जाते. १८०८ च्या सुमारास त्याने 'पेनेलोपी' नावाच्या सुमारे ४०० टनी व्यापारी जहाजाला नांगरासाठी लोखंडी साखळदंड आणि डोलकाठ्यांसाठी लोखंडी आधार असे दोन्ही बसवून ते वेस्ट इंडीजच्या सफरीवर पाठविले. यानंतरचा इतिहास दोन फाट्यांनी गेला. साखळदंड पुढील काही वर्षांतच ब्रिटिश नौदलाने स्वीकारला आणि हेम्पचा अजस्र नांगरदोर हळूहळू नाहीसा झाला. खडकाळ तळावर घासून हेम्प कापला जाई, ओला राहून कुजे, आणि त्याच्या वेटोळ्यांसाठी जहाजाच्या पोटात मोठी जागा अडून राही. साखळीचे वजन तेथे उपकारकच होते, कारण ते तळाशी होते. डोलकाठीच्या आधारासाठी साखळी मात्र रुजली नाही. समान बळासाठी ती तारदोराच्या जवळजवळ तिप्पट जड. आणि उंचावर चढविलेले प्रत्येक किलोग्रॅम जहाजाचा गुरुत्वमध्य वर नेऊन त्याची स्थिरता घटविते. १८४० साली न्यूऑलने घेतलेल्या एकस्वानंतर तारदोर यंत्राने वळले जाऊ लागले आणि शतकाच्या उत्तरार्धात डोलकाठीचा स्थिर आधार बहुतांशी तारदोराचा झाला. साखळी उंचावर उरली ती मोजक्या ठिकाणी. तोफगोळ्याने तुटू नये म्हणून शिडाचा खालचा आडवा वासा तिने टांगत, आणि काही शिडांचे खालचे कोपरे ओढण्यासाठी ती वापरीत. ही ठिकाणे आखूड लांबीची व फार घर्षणाची होती. याच ब्राउनने १८२० साली ट्वीड नदीवर १३७ मीटर लांबीचा शृंखला-पूल बांधला, आणि तो आजही उभा आहे.

खोल समुद्रातील तरंगत्या तेलमंचांची आधुनिक नांगररेषा पाहिली म्हणजे या दोन फाट्यांचा पुनश्च संगम झालेला दिसतो. तळाशी साखळी असते, कारण तेथे घर्षण आहे व वजन हवे आहे. मधला शेकडो मीटरांचा टप्पा तारदोराचा किंवा पॉलिएस्टर दोराचा असतो, कारण तेथे वजन नको व लवचीकता हवी. मंचाजवळच्या शेवटच्या थोड्या मीटरांत पुन्हा साखळी येते. तेथे रेषेची लांबी वेळोवेळी कमी-अधिक करावी लागते, आणि गुळगुळीत दोरापेक्षा कड्या यंत्राच्या दात्यांत नेमक्या बसतात.